पाटावरचं नेटवर्क कार्ड

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... ते आधीच सांगून टाकते. 'ताई, देवाला मानत जा' अशी कमेंट टाकणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

गाझियाबादला नवनव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. लष्करी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले बाबा आणि मी, दोघंच तिथल्या फ्लॅटमध्ये राहायचो. चांगली नोकरी सोडून मी ऑफिसांना विंडोजऐवजी फुकटातल्या लिनक्सवर कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम सुरू केलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक, एक कारखानदार, दसऱ्याला आमच्या घरी दोन मशीन एकमेकांशी बोलताना बघायला येणार होता. "मैडम, चल गया तो काम आपका, नहीं तो रहने दो," असं त्यानं साफ सांगितलं होतं. नाही चाललं तर मला मान खाली घालून जुन्या साहेबाकडे जावं लागणार होतं.

आणि नेमकं एका मशीनमध्ये, दोघांना जोडणारी केबल ज्यात खोचतात त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बसेना. दुसरा कंपाइल केला, कार्डाचा स्लॉट बदलला, लिनक्स पुन्हा टाकलं. स्क्रीनवर तेच — 'नो सच डिव्हाइस'. कार्ड डोळ्यांसमोर खोचलेलं, आणि हा शहाणा म्हणतोय असं काही नाहीच!

खंडेनवमी उजाडली. बाबा पूजेसाठी पाटावर नट-बोल्टचे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर मांडत होते.

"आज हत्याराला हात लावायचा नाही. तुझ्या त्या डब्यालाही सुट्टी."

"बाबा, उद्या माणूस येतोय. मी आज काम करणार."

"अगं, वर्षभर राबतात बिचारी..."

"राबतंय कुठे? ते कार्डच तर अडून बसलंय!"

"बरं, निदान अंघोळ तरी करून बस."

अंघोळ करून आले, भिंतीला टेकवलेलं मशीन चालू केलं, चिडूनच ड्रायव्हर लोड केला... आणि तो झाला. निमूटपणे! पलीकडच्या खोलीतल्या मशीनला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर धडाधड उत्तरं यायला लागली. एक फाइल पाठवली, तीही गेली.

"बाबा, झालं! तुमच्या नवमीच्या नाकावर टिच्चून झालं!" म्हणत मी बाहेर धावले.

पाटावर, पान्यांच्या शेजारी, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल ठेवलेलं माझं नेटवर्क कार्ड होतं.

"तू अंघोळीला गेलीस तेव्हा काढलं," बाबा ओशाळून म्हणाले. "तेच अडलंय म्हणालीस ना... म्हटलं, त्याला तरी एक दिवस विश्रांती."

मी धावत जाऊन मशीन पुढे ओढलं. स्लॉट रिकामा. केबल मागे नुसती लोंबत होती.

'स्वतःलाच पिंग केलं असशील' — नाही. फाइल पलीकडच्या मशीनवर उघडून बघितली, होती. 'आत दुसरं कार्ड असेल' — नाही, ते मशीन मीच जोडलं होतं. मग फाइल गेली कुठून? मला माहीत नाही. दसऱ्याला कार्ड परत बसवलं, मुकाट चाललं, काम मिळालं. आजही याच धंद्यावर माझं घर चालतं.

बाबा आता नाहीत. खंडेनवमीला मी मुद्दाम काम करते, अगदी हट्टानं. फक्त त्या दिवशी ते जुनं मशीन बाहेर काढते, कार्ड पाटावर ठेवते आणि ड्रायव्हर लोड करते. दरवर्षी तेच — 'नो सच डिव्हाइस'.

"बघा बाबा," मी मोठ्यानं म्हणते, "म्हटलं नव्हतं? असलं काही नसतं."

आणि पुन्हा एकदा लोड करून बघते.