फ्रान्सहून खडी शोधत आलेला ल्युक

लोकांना वाटतं, सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये किलोमीटर जमतात. आमच्यात किस्से जमतात! किलोमीटर मोजायला मनगटावर घड्याळ तरी असतं, किस्से मोजायची काही सोय नाही. एक सांगून संपत नाही तोवर पुढचा रविवार येतो, आणि ताप डोक्याला!

ग्रुप मोठा नाही, चौघांचा. मी बारामतीत कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे वाट चुकली की दोष माझा. डॉ. वैशाली मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. तात्या पणदऱ्याचे, वय बासष्ट, ऊस आणि सहा म्हशी. सायकल काळी, मागं कॅरियर, आणि तरी आमच्या पुढं. चौथा ल्युक. एका दूध प्रकल्पात मशिन बसवायला फ्रान्सहून वर्षभरासाठी आलेला. सगळे किस्से त्याच्यामुळेच.

*

पहिल्याच रविवारी ल्युकनं तात्यांच्या ओट्यावर बसून मोबाईलमधले फोटो दाखवले. त्याच्या गावाकडच्या नद्या, ओकची जंगलं, आणि त्यातून जाणाऱ्या पांढऱ्या वाटा. याला म्हणे ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात. डांबरी रस्ता मुद्दाम टाळायचा, खडीमातीच्या वाटेनं जायचं. "तुमच्याकडे अशा वाटा आहेत का?" त्यानं विचारलं.

मी तात्यांना मराठीत समजावून सांगितलं. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सर, आमच्या वस्तीचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून आमी वीस वर्षं अर्ज करतोय. आन् ह्यो बाबा फ्रान्सवरनं खडी हुडकत आलाय?"

*

ल्युकचा सगळा भरवसा मोबाईलच्या नकाशावर. वडगाव निंबाळकरच्या बाजूला त्याला नीरेच्या काठानं जाणारी एक बारीक रेघ दिसली. झालं! पहाटे निघालो. मी म्हणत होतो, अशी वाट तिथं नाही. भूगोलाच्या मास्तराचं ऐकतो कोण!

बाभळीच्या फांद्या चुकवत, उसाच्या पात्यांनी हात कापून घेत तासभर गेलो. वाट एका अंगणात शिरली, अंगणातनं गोठ्यात शिरली आणि दोन म्हशींच्या मधे जाऊन थांबली. ल्युक म्हणे, नकाशात सरळ जा दाखवतंय!

शेण भरणाऱ्या आजींनी मान वर केली. "कुणाकडं जायचंय?"

"नदीकाठानं पुढं जायचंय, आजी."

"पुढं कुठं? पुढं गव्हाण हाय."

ल्युकनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. आजींनी हात पदराला पुसले, रेघ नीट निरखून पाहिली.

"व्हय की, वाट हाय. पण ती म्हशीची हाय. पाण्यावर जात्यात त्या वाटंनं. त्यांच्या मागं मागं गेला तर चुकायचा न्हाय."

मी हे ल्युकला सांगताच तो खूश! लगेच विचारायला लावलं, म्हशी कधी निघणार?

"चार वाजता," आजी म्हणाल्या. "तवर बसा."

बसलो. सकाळी साडेआठपासून!

*

"आमच्याकडं साठ किलोमीटर गेलं तरी माणूस भेटत नाही," हे ल्युकचं आवडतं वाक्य. आमच्याकडं सहाशे मीटर जाऊन दाखवावं! प्रत्येक मोटारसायकलवाला शेजारी गाडी लावतो. "सर, गाडी बंद पडली का?" नाही. "पेट्रोल संपलं?" नाही. "मग सायकलवर का?" हौस म्हणून, असं सांगितलं की माझ्या घरी काहीतरी भांडण झालंय अशा नजरेनं बघतो.

मॅडमची तर कमाल. एका सोमवारी दवाखान्यात एक आजोबा नातीला घेऊन आले. मॅडमनी छाती तपासली, घसा पाहिला, कान पाहिले.

"हिला काय होतंय?"

"काय न्हाय. ठणठणीत हाय."

"मग आणलंत कशाला?"

आजोबा खुर्ची जवळ सरकवून हळू आवाजात म्हणाले, "काल तुमाला लासुर्ण्याच्या रस्त्याला सायकलवर बघितलं, घामाघूम. मनाला लागलं बघा. म्हटलं दवाखाना चालत न्हाय वाटतं मॅडमचा. आपण तरी जावं."

*

ल्युकच्या टायरला ट्यूब नसते. आत एक पांढरं पातळ औषध असतं, काटा घुसला की ते भोक आपोआप बुजवतं. तो अभिमानानं सांगायचा, तुम्ही पंक्चर काढत बसा, मी चाललो! आमच्याकडच्या वेड्या बाभळीनं मात्र त्याला एकदा एवढे काटे दिले की औषधही हरलं.

लासुर्ण्याला एक पंक्चरवाला भेटला. ल्युकनं खुणेनं टायर दाखवला, फक्त हवा भरायला सांगितली आणि आम्ही समोर चहाला बसलो. दहा मिनिटांनी येऊन बघतो तर टायर काढलेला, आतून घासूनपुसून लख्ख, आणि पंक्चरवाल्याच्या पायाशी पांढरा ओघळ.

ल्युक डोक्याला हात लावून मटकन खालीच बसला. ते औषध त्याला घरून पार्सलनं मागवावं लागायचं.

पंक्चरवाला माझ्याकडं वळला. "सर, ह्यांना समजावून सांगा. आमच्यात दूध डेअरीला घालत्यात, टायरात न्हाय! आन् घातलं तर घातलं, ते नासलेलं तरी घालू नये!"

*

डिसेंबरात कालव्याच्या भरावावरून चाललो होतो. एका बाजूला पाणी, एका बाजूला खोल उतार, वाट जेमतेम ट्रॅक्टरएवढी. आणि समोरून ट्रॅक्टरच आला! मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. त्याला मागं जाता येईना, आम्हाला बाजूला होता येईना.

तात्या खवळले. सायकल आडवी लावून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "कालव्याची वाट तुझ्या एकट्याची हाय व्हय रं? चार माणसं समोर दिसत न्हाईत? आमी न्हाय हलायचो!"

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आज ग्रुपची बाजू कोणीतरी घेतली. ल्युकनंही तात्यांच्या शेजारी स्वतःची सायकल आडवी लावली.

ड्रायव्हरनं गाणी बंद केली आणि खाली वाकून बघितलं. "तात्या? अवो, तुमचाच ऊस हाय ह्यो! आज तोड आली तुमची. तुमी फोन उचलंना."

तात्या दीड महिना कारखान्याच्या ऊसतोडीची वाट बघत होते. त्यांनी एकदा उसाकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"बघत काय बसलाय? मागं फिरा सगळी! माझा ऊस वाळतोय!"

दीड किलोमीटर उलटं नेलं आम्हाला. मी हळू चालतो म्हणून एका हातानं स्वतःची सायकल ढकलत माझी त्यांनी खांद्यावर घेतली!

*

एप्रिलमध्ये इंदापूरकडच्या माळावर गेलो. गवताळ रान, चिंकारा दिसतात म्हणून. चिंकारा दिसला नाही. मी दोनदा वाट चुकलो. दहालाच ऊन अंगावर यायला लागलं आणि ल्युकचं सुरू झालं. आमच्याकडं इथं पाटी असती, तिथं नळ असता, त्या वळणावर झाडं असती.

माझा तोल गेला. "मग जा ना तिकडंच! कुणी बोलावलं होतं तुला इथं?" हे मी इंग्रजीत म्हणालो, त्याला नीट कळावं म्हणून.

"सर!" मॅडम एवढंच बोलल्या. ल्युकनं सायकल दामटली आणि चढापलीकडं दिसेनासा झाला.

आम्ही चढ ओलांडला. पुढं नुसता माळ. ल्युक नाही! फोन लागेना. त्याच्याकडं पाण्याची एकच बाटली होती. आम्ही हाका मारत तासभर फिरलो. तात्यांनी आसपासच्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलून मेसेज टाकला, "आमचा फ्रान्सचा पाव्हणा माळावर हरवलाय. उंच हाय, उन्हानं लाल झालाय. मराठीत फकस्त 'पाणी' आन् 'बास' येतं. दिसला तर धरून ठेवा."

साडेबाराला एका कडुलिंबाखाली त्याची सायकल सापडली. हँडलला हेल्मेट लटकत होतं. बाटली रिकामी. माणूस नाही.

मॅडमचा चेहरा उतरला. "ऊन लागलेला माणूस भ्रमिष्टासारखा चालत सुटतो, सर. सावलीतसुद्धा थांबत नाही."

दर रविवारी राईड संपली की ल्युक त्याच्या आईला फोन करायचा. एकदा त्यानं मलाही बोलायला लावलं होतं. त्या बाईंना आज काय सांगू? की मीच त्याला जा म्हणालो? तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर टेकाडापलीकडून कर्ण्याचा आवाज आला. सनई वाजून थांबली, कुणीतरी माईकवर दोनदा फुंकर मारली.

"मंडळी, एक सूचना! पणदऱ्याच्या तात्यांचा फ्रान्सचा पाव्हणा हरवलाय असा मेसेज आलाय. तर पाव्हणं आपल्या लग्नाच्या मंडपात सुखरूप हायत. पोरांनी गाडीवर घालून आणलंय, फेटा बांधलाय, पंगतीत दोनदा बसलेत. ज्यांचं असतील त्यांनी येऊन घेऊन जावं..."

माईक खरखरला.

"...पण घाई करू नये! पाव्हण्यांच्या हस्ते अजून सहा सत्कार बाकी हायत!"