गायकवाडबाईंची अपुरी चाचणी

गायकवाडबाईंना खुर्चीत बसून शिकवताना मी कधी पाहिलं नाही. फळ्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतच त्या बोलायच्या. सत्तरच्या दशकात नाशिकच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्या आमच्या विभागप्रमुख होत्या. "जर्मनांनी मन प्रयोगशाळेत नेलं, अमेरिकनांनी त्याला मार्क दिले," त्या म्हणायच्या. "आणि आपण? दोघांचंही पाठ केलं!"

एकदा पेठजवळच्या एका आश्रमशाळेनं मुलांची बुद्धिमत्ता तपासायला आम्हाला बोलावलं. कमी गुण पडतील त्यांना घरी पाठवायचं ठरलं होतं. चाचणी अमेरिकन, नुसती मराठीत आणलेली. बाईंनी एका मुलीला विचारलं, "परक्या गावात तू वाट चुकलीस, तर काय करशील?"

मुलगी हसली. "परक्या गावात मी एकली कशाला जाईल?"

पुस्तिकेतलं बरोबर उत्तर होतं, 'पोलिसाला विचारीन.' बाई ताडकन उठल्या आणि व्हरांड्यात फेऱ्या मारू लागल्या.

"किती गुण, बाई?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"शून्य. मुलीला नाही, प्रश्नाला! पोरं एकेकटी हिंडतात, तिकडचा प्रश्न आहे हा. इथल्या मुलांसाठी मी नवी चाचणी करते. ती होईपर्यंत एकालाही घरी पाठवायचं नाही. शब्द द्या."

त्यांनी दिला.

मग सुट्टी लागली की बाई एसटीनं पेठला. मुलं कशी बोलतात, कशावर भांडतात, एकमेकांना कसं समजावतात ते ऐकत राहायच्या. त्यातून प्रश्न तयार झाले. ते दुसरीकडच्या मुलांनाही चालतात का, हे पारखायला आम्ही सटाण्याकडच्या एका शाळेत गेलो. पेठकडे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्यावरचा प्रश्न बाईंनी विचारला, "नागलीची रोपं करण्याआधी राब का भाजतात?"

कांदा पिकवणाऱ्या घरांतली ती पोरं एकमेकांकडे बघू लागली. "राब म्हंजे काय शे, बाई?"

परतीच्या एसटीत बाई प्रश्नांची वही चाळत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, आता मीच अमेरिका झाले की!" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे प्रश्न बाद करून पहिल्यापासून सुरुवात केली. असं पुन्हा पुन्हा झालं. समाधान त्यांना ठाऊकच नव्हतं.

ऐंशीच्या दशकात बाई आजारानं गेल्या. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "दुर्दैवानं त्यांचं संशोधन अपुरं राहिलं."

मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, "सर, ते अपुरं होतं म्हणून तर पेठच्या त्या शाळेतून एकही मूल घरी गेलं नाही."