फोनकाकूंची खातरजमा

फोनकाकूंना ई-मेल आला की त्या उत्तर लिहीत नसत, फोन करत. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरावर कधीच नाही. आधी स्वतःच्या वहीत नंबर शोधायचा, नसला तर ओळखीपाळखीतून मिळवायचा आणि मग शांतपणे विचारायचं, "नमस्कार, तुम्ही मला पत्र पाठवलंत का?" समोर बँकेचे साहेब असोत नाहीतर पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण धाडणारी जाऊ, प्रश्न हाच. त्यांचं खरं नाव गावात फक्त मतदारयादीत उरलं होतं.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून चालत जाण्याइतकं. काकूंची सुपारीची वाडी आणि माझं घर यांच्यामध्ये एक दगडी गडगा. काका गेल्यावर त्यांनी वाडीत दहा खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मी बोर्लीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे त्यांचं मेलचं खातं मीच उघडून दिलं. ते बघून त्यांनी पहिली शंका काढली, "म्हणजे हा कुणीही उठून थेट माजघरात येणार? ओटीवर बसवून विचारपूस करायची सोयच नाही?" मी हसलो होतो. पुढे नववीच्या वर्गात मी हेच वाक्य सांगायचो, आणि स्वतःचं म्हणून सांगायचो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं.

एकदा परदेशातून मेल आला. चाळीस माणसं, दहा दिवस, सगळ्या खोल्या हव्यात. आगाऊ रक्कम पाठवतो, बँकेचा तपशील कळवा. माझेच डोळे चमकले. काकूंनी मला एकच ओळ लिहायला सांगितली: शाकाहारी किती, मासे खाणारे किती आणि लहान मुलं किती? उत्तर आलं, त्यात पुन्हा बँकच. काकूंनी चष्मा काढून ठेवला. "अरे, चाळीस माणसं दहा दिवस जेवणार आणि त्यातल्या एकालाही कसलं पथ्य नाही? यांना इथे यायचंच नाहीये."

दुसऱ्यांदा वीज तोडण्याची धमकी आली, संध्याकाळपर्यंत पैसे भरा म्हणून. काकू छत्री घेऊन तडक वायरमनच्या घरी गेल्या. तो जेवत होता. तुमच्या साहेबांना मला पत्रं लिहायला सवड आहे आणि माझ्या कुंपणावर वाकलेला खांब दिसत नाही का, असं त्यांनी त्याला विचारलं. त्या बिचाऱ्यानं शपथेवर सांगितलं की असं पत्र आमचं नसतंच. पण दुसऱ्या दिवशी येऊन खांब मात्र सरळ करून गेला. "त्या चोराचे आभार मानायला हवेत," असं काकू वर्षभर सांगत होत्या.

घाईवर त्यांचा मुळात राग. नारळ उतरवणारा घाई करू लागला तरी त्या त्याला खाली बोलावून चहा पाजत. मेल वाचतानाही 'ताबडतोब' हा शब्द दिसला की मोबाइल पालथा घालून फुलं काढायला जात. परत येईपर्यंत अर्ध्या मेलांमधली हवा गेलेली असे.

आता जे गावात कधी सांगितलं नाही ते सांगतो. मे महिन्याच्या तोंडावर काकू माहेरी चौलला भाचीच्या लग्नाला गेल्या. पाहुणे ज्या वेबसाइटवरून खोल्या ठरवत, ते बुकिंगचं खातं आणि मेल दोन दिवस माझ्याकडे. जाताना बजावलं होतं, "नुसतं बघ. काही आलं तर मला फोन कर." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मेल आला. बुकिंगवाल्यांचं चिन्ह, वर काकूंचं नाव. चार तासांत खात्री केली नाही तर खातं बंद. सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचा ढीग होता. मी बटण दाबलं, पासवर्ड भरला, आणि काकूंचं एक काम उरकलं म्हणून खूश होऊन पेपर तपासू लागलो.

काकू परतल्या त्याच दिवशी पाहुण्यांचे फोन सुरू झाले. त्यांच्या नावानं सगळ्यांना निरोप गेला होता, कार्डाचा नंबर द्या नाहीतर खोली रद्द. काकू वही घेऊन ओटीवर बसल्या आणि एकेक करून बुकिंग केलेल्या सतराही जणांना फोन केले. बाकीचे वाचले; सांगलीच्या एका गृहस्थांनी आधीच नंबर दिला होता, ते फसले. मध्येच काकूंनी मला विचारलं, "तू काही केलं नाहीस ना रे?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी स्वतःच आठवून आठवून ठरवलं, की लग्नाला निघायच्या गडबडीत आपण एक मेल उघडला होता, तोच असणार.

त्यानंतर मोबाइल त्यांनी सुनेच्या, मेधाच्या हवाली केला. कुणाला फोन नाही, प्रश्न नाही. "मला आता काय कळतंय," एवढंच. वायरमन मुद्दाम थट्टा करायला आला, त्यालाही उत्तर मिळालं नाही. आठ महिने मी गडग्यापलीकडून हे बघत होतो. मग एका सकाळी काकू बँकेचा एक साधा मेल मला दाखवायला आल्या. "हे खरं आहे का रे? तूच सांग, तुला कळतं." मेल खरा होता. मी मात्र तिथेच सगळं बोलून टाकलं.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मेल किती वाजता आला, काय लिहिलं होतं, मुदत किती होती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "चार तास? चार तासांत मी चौलहून एस.टी.नं परत आले असते. आणि तुला एक फोन करता आला नाही?"

त्यांनी मोबाइल पालथा घातला.

"फसलास त्याचं काही नाही. पण आठ महिने माझा माझ्याच डोक्यावर भरवसा राहिला नव्हता, आणि तू बघत होतास."

त्यांनी आतून वही आणली. सतरा नंबर मी लावायचे आणि चूक कुणाची होती ते सांगायचं. गावाला सांगायचं की नाही, ते मात्र तुझं तू बघ, म्हणाल्या. पहिला फोन सांगलीला. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे काकूंकडून काही झालं नव्हतं तर. द्या त्यांना फोन." काकू बराच वेळ बोलल्या, हसल्यासुद्धा. उरलेले सोळा फोन झाल्यावर मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि आत हाक मारली, "मेधा, तो चार्जर माझ्या खोलीत आणून ठेव गं."

पुढची तीन वर्षं त्यांनी भल्याभल्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत मी चाळीस परदेशी पाहुण्यांचा किस्सा सांगितला, खांबाचा सांगितला, लोक डोळे पुसत हसले. मग अध्यक्ष म्हणाले, एवढ्या हुशार बाई, पण एकदा त्याही फसल्या होत्याच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि मीही डोलावली.

फोनकाकू कधीच फसल्या नाहीत. त्या दिवशी त्या चौलला लग्नात होत्या. फसलो मी.