गोल टोकांची जाड अक्षरं

मी पत्रकं वाचतच वाढले. चळवळीसाठी पत्रकं लिहिणाऱ्या वडिलांना कागदावरची मोकळी जागा सहन व्हायची नाही. तिथे अजून एक मागणी बसली असती, म्हणायचे. मीही तेच शिकले. बारीक, टोकदार अक्षरं, खच्चून भरलेली पानं, ओळीओळीला उद्गारचिन्ह.

पलूसजवळच्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राला वर्षभर कुलूप होतं. बाळंतपणासाठी बायांना टेम्पोतून सांगली गाठावी लागे. ग्रामसभेत ते उघडण्याचा ठराव व्हायला बाया हव्या होत्या. दोनदा पत्रकं वाटूनही एकही फिरकली नव्हती. तिसरी सभा सोमवारी होती.

तिसरं पत्रक घेऊन मी मिरजेला एका चाचांकडे गेले. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता कॉम्प्युटरवर स्वतःची अक्षरं घडवतात. त्यांनी मजकूर पाहून चष्मा काढला.

"आवं ताई, ही अक्षरं भांडायला उठल्यागत हायत. जवळ कोण येईल?"

"विषयच रागाचा आहे, चाचा."

"मग राग सभेत करा की! कागदाला कशाला करायला लावता?"

त्यांनी आपली अक्षरं लावली. जाड, गुबगुबीत. शिरोरेषेची टोकंसुद्धा अंगठ्यासारखी गोल.

"हे आईस्क्रीमच्या गाड्यावर शोभेल," मी फणकारले.

"गाड्यापाशी गर्दी असती का न्हाई?"

माझी एकेक ओळ त्यांनी उडवली, मी एकेकीसाठी भांडले. शेवटी उरलं एवढंच: उपकेंद्र उघडा. सोमवारी ग्रामसभेला या. मग त्यांनी नमुना रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या शटरवर चिकटवला. त्यांची पद्धतच ती. अनोळखी माणूस थांबेपर्यंत छपाई नाही. आम्ही दारात उभे राहिलो. पाच-सहा जण तसेच गेले. चाचांनी आत जाऊन अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा वाढवली, नवा कागद लावला. भाजीची पाटी घेतलेली एक बाई थांबली. ओठ हलवत तिने अख्खा कागद वाचला. माझ्या शब्दांपाशी कुणी असं थांबलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

गावात पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर मी ते लावलं. शेजारच्या काकी दळण घेऊन आल्या. प्रौढवर्गात जेमतेम अक्षरओळख झालेल्या. बोट फिरवत त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "उप... केंद्र... उघडा." मग वळून, "कुणी लिवलंय गं?"

"मीच, काकी."

"मग आदी असं का न्हाई लिवलंस? तुजा तो बारका कागद मला कोर्टाची नोटीस वाटली. चुलीत घातला मी!"

गिरणीतल्या बाया खो-खो हसल्या. मीही हसले, आणि त्या गोल टोकांकडे बघतच राहिले. माझ्या सगळ्या उद्गारचिन्हांना जे जमलं नव्हतं, ते त्या अक्षरांनी आवाज न चढवता केलं होतं.

सोमवारी सभेत बायांना बसायला सतरंजी पुरेना. ठराव कोण मांडणार, असं ग्रामसेवकांनी विचारलं. मी कागद सावरत उठणार, तोवर काकी पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या.