शालूबाईच्या गॅसवरचा शिरा

माणसाला कशाची किळस यावी याचा काही नेम नाही. हिंगोलीजवळच्या गोरेगावकडच्या आमच्या गावात रामप्रसादचं वांग्याचं वावर अगदी हागणदारीला लागून आहे. पावसाचं पाणी तिकडूनच त्याच्या वावरात उतरतं. वांगी अशी तुकतुकीत की गावात दुसऱ्या कुणाची कुणी घेत नाही. ती वांगी खाऊन बोटं चाटणाऱ्या याच गावानं शालूबाईच्या भाकरी म्हशीपुढे टाकल्या.

मी गवंडी. अठ्ठ्याण्णव साली हिंगोलीत आठ दिवस राहून गोबरगॅसच्या टाक्या बांधायला शिकून आलो होतो. शालूबाई म्हणजे सटवाजी टाळकऱ्याची बायको, चाळिशीची. कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळून जाळून तिचे डोळे बारमाही लाल, पापण्या झडलेल्या. डॉक्टरनं बजावलं होतं, धूर सोडला नाही तर नजर जाईल. म्हणून टाकी. पण घरी जनावरं दोनच, एक गाय आणि एक बैल. तेवढ्या शेणावर एक वेळची भाजी कशीबशी शिजली असती. मीच म्हणालो, संडास बांधून टाकीला जोडता येतो.

सटवाजीनं तोंड वाकडं केलं. मग मी शिकलेलं सगळं ओकलो. पऱ्हाटी जाळली की तिच्यातला कर्ब धुरातून हवेत जातो, हवेतून पिकाच्या पानात येतो, कडब्यातून बैलाच्या पोटात, आणि शेणातून पुन्हा जाळात. माणूस काही या फेऱ्याच्या बाहेर नाही.

शालूबाई ऐकून हसली. "म्हंजे रामप्रसादभाऊच्या वांग्यावानीच झालं की! जोडा मिस्तरी. मला डोळे पायजेत."

टाकी बांधून, भरून गॅस यायला दोन महिने गेले. मी शेगडी बसवली, काडी ओढली, निळी ज्योत उभी राहिली. ना धूर, ना वास. शालूबाईनं तूप घालून शिरा केला आणि पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. आणि मी, कर्बाचा फेरा समजावून सांगणारा शहाणा, म्हणालो, "मला आज उपास हाय."

दुपारी तिच्याच अंगणात बसून मी डबा खाल्ला होता. पाणी तिनंच दिलं होतं. ती ताटली उचलून आत घेऊन गेली.

चैत्रात सप्ताह बसला. सप्ताहात घरोघरच्या भाकरी देवळात गोळा होतात आणि भजनकऱ्यांच्या पंगतीत वाढल्या जातात. शालूबाईनंही टोपलं भरून नेल्या. रामप्रसादनं तिचं टोपलं वेगळं काढलं.

"संडासाच्या जाळावरच्या भाकरी देवाच्या पंगतीला? थू!"

त्यानं टोपलं आपल्या म्हशीपुढे पालथं केलं. म्हशीनं सगळ्या भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी त्याच म्हशीच्या दुधाचा चहा मंडळींनी फुरके मारत प्यायला. मीही प्यायलो. टाकी मी बांधली आहे, तिच्या जाळात घाण काही नाही, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आजही आठवलं की त्या चहाची चव जिभेवर येते आणि थुंकावंसं वाटतं.

सटवाजीला त्या दिवशी कुणी भजनात बसू दिलं नाही. तो घरी आला, पहार उचलली आणि गॅसची नळी ठेचून टाकली.

"काहून तोडली?" शालूबाई ओरडली. "तुमच्या टाळापरीस माझे डोळे हलके झाले व्हय?"

दुसऱ्या दिवशी चूल पेटली आणि सटवाजीला टाळ परत मिळाला.

नजर एकदम गेली नाही, तिनं सात वर्षं घेतली. आधी सुई ओवता येईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग माणसं. मी जाता-येता बघायचो, चुलीपुढे बसून ती हातानं फुंकणी चाचपत असायची. पुढं पुढं मी त्या गल्लीनं जायचंच सोडलं.

मग गावात स्वच्छतेची मोहीम आली. अनुदान आलं, साहेब आले, हार आले, फोटो आले. सगळ्यात आधी नंबर कुणी लावावा? रामप्रसादनं! संडास जोडलेली टाकी त्यानं माझ्याकडूनच बांधून घेतली. उद्घाटनाला त्याच गॅसवर शिरा शिजला. साहेबांनी पहिला घास घेतला, आणि गावाची सगळी किळस कुठं पळाली कोण जाणे! द्रोणावर द्रोण रिकामे व्हायला लागले. सटवाजी शालूबाईला हाताला धरून घेऊन आला होता, तिला त्यानं भिंतीशी बसवलं.

शिरा झाला होता झकास. मी रिकामा द्रोण पुढे केला. "आणखी थोडा वाढा," मी म्हणालो.

शालूबाईनं माझ्या आवाजाकडे मान वळवली.

"कोण, मिस्तरी का? उपास सुटला व्हय तुमचा?"