तिओच्यू हॉटेलातली पेज

सुधीर सुटला नाही. मेला.

आज वर्ष झालं. कॉमेंटमध्ये कोणी 'सुटला बिचारा' लिहिलं तर मी सरळ डिलीट करणार आहे. आधीच सांगून ठेवते.

त्याला न ओळखणाऱ्यांसाठी: सुधीर आणि मी ऑकलंडला, ईस्ट टामाकीच्या एकाच फॅक्टरीत. तो डिझाइनला, मी क्वालिटीत. मूळचा पुण्याचा. घर हेन्डरसनला, बायको मेधा, मुलगी केतकी.

ऑकलंडमधली आमची सगळी मराठी गँग नव्या हॉटेलात जायच्या आधी सुधीरला फोन करायची.

चव, क्वांटिटी, पार्किंग, वेटरचा मूड, सगळं जमेस धरून साहेबांचे निकाल दोनच. 'परत यायचं' किंवा 'एकदा ठीक'. बहुतेक हॉटेलं 'एकदा ठीक'मध्येच गारद व्हायची.

अशा माणसाला अन्ननलिकेचा कॅन्सर व्हावा.
राग येतो अजून.

आम्ही मैत्रिणी डबे पोचवायचो. गुरगुट्या भात, सूप, पेज. तो चमचा तोंडात घालायचा आणि आम्ही समोर उभ्या राहून त्याचा घसा बघायचो. काय वाटत असेल त्याला!

शेवटी डॉक्टर म्हणाले, तोंडाने खाणं आता बंद. पोटात नळी घालू, त्यातून फीड देऊ. काही महिने मिळतील.

मेधा लगेच हो म्हणाली.

सुधीर म्हणाला, "घालू या ना. आधी एकदा बाहेर जेवतो."

त्याने पेपरमधलं एक कात्रण काढलं. सिटीत 'मॉडर्न तिओच्यू' रेस्टॉरंट उघडलं होतं. तिओच्यू म्हणजे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे लोक.

"मेधा, यांच्या मेनूत पेज आहे. आणि ती चांगली धडधाकट माणसं खातात!"

मेधा रडली, भांडली. तो हटला नाही. मग तीच मला म्हणाली, "शुभा, तूपण चल. मला एकटीला बघवणार नाही."

गेलो चौघं, केतकीपण. अंधाऱ्या भिंती, परातीएवढ्या प्लेट्स, मधोमध बदकाचे चार काप. मेधा एवढ्या टेन्शनमध्येही पुटपुटली, "बाकीचं बदक कुठे गेलं?"

मग पेज आली. टेबलाच्या मध्यावर, मोठ्या भांड्यात. भोवती मुळ्याचं ऑम्लेट, वाफवलेला मासा, खारवलेली भाजी. चौघांना सारखे बाऊल. शेजारच्या टेबलावर सुटाबुटातली माणसंही तेच भुरकत होती.

आपल्याकडे पेज आजाऱ्याची. इथे ती जेवण होती.

सुधीर जेवला. हळूहळू, पण आमच्यासारखंच, आमच्याबरोबर. मध्येच दोनदा ठसका लागला. केतकी म्हणाली, "बाबा, स्लो डाउन, प्लीज." मेधाने पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला होता.

बाऊल रिकामा झाला. साहेब मागे रेलले.

"बदकाच्या नावाने बोंब आहे. प्लेट्स उगाच मोठ्या. पण पेज हीप्स गुड, एकदम झकास. परत यायचं."

किती दिवसांनी त्याचा तो आवाज ऐकला.

दोन दिवसांनी ताप आला. न्यूमोनिया. अन्न फुफ्फुसात गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या थुंकीनेही होऊ शकलं असतं, असंही म्हणाले. मेधाने पहिलंच वाक्य ऐकलं.

नळी घालायची वेळच आली नाही.

फ्युनरलला जो तो म्हणत होता, मनासारखं जेवून गेला. मेधा तेवढी माझ्या कानात म्हणाली, "ते जेवण महागात पडलं गं."

मी वर्षभर स्वतःशी हुज्जत घालत होते. नाही, वर्थ होतं. माणूस माणसासारखा जेवला.

आज दुपारी मेधाचा फोन आला. "तिथे जाऊ या?"

गेलो दोघीच. रिसेशनमुळे अर्धी टेबलं रिकामी. पेज आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मेधा, किती खुशीत जेवला गं तो त्या दिवशी."

तिने चमचा खाली ठेवला.

"हो. त्याला परवडलं ते जेवण. मला नाही परवडलं."

मग म्हणाली,

"मला तो हवा होता, शुभा. नळीसकट."

 

सुधीर, तुला नमस्कार. आज एवढंच लिहवतंय.