पप्पा बाजूला बसले तो दिवस

पप्पांचं पेट स्कॅन करून आम्ही दुपारी संभाजीनगरहून धावड्याला परतलो. गाडी भाऊ चालवत होता. डॉक्टरांनी सगळं मलाच इंग्रजीत समजावलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला असलं कळतं, असा घरात सगळ्यांचा समज आहे. शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढून घेतात आणि फोटोत तेवढी जागा उजळते. पप्पांची गाठ लिव्हरमध्ये होती. लिव्हरच्या बाहेर कुठे उजेड दिसला नाही तर ऑपरेशन. दिसला तर फक्त गोळ्या. गोळ्यांनी गाठ जात नाही, एवढं मी विचारून घेतलं होतं.

ती साखर अंगातून जाईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, पप्पांनी गरोदर बाईपासून लांब राहायचं होतं, इतरांच्याही अगदी जवळ बसायचं नव्हतं. वहिनीचे दिवस भरत आलेले. म्हणून पप्पांची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली.

त्या खोलीत पप्पा कधीच बसले नव्हते. पाळी आली की आमच्या घरच्या बायका तिथे बाजूला बसतात. जालन्याच्या होस्टेलमध्ये मला कुणी काही विचारत नसे. सुटीत गावी आले की मात्र माझं अंथरूण, ताट, तांब्या त्याच खोलीत.

आई गेल्यापासून घर आत्याच बघते. तिने उंबऱ्यावर ताट ठेवलं आणि आत सरकवलं.

"काय काय बघायचं राह्यलं होतं माय! दादा बाजूला बसला!"

"लोणचं तरी वाढशील का न्हाई?" पप्पा म्हणाले.

"बरणीला हात लावू नको फक्त. वर्षाचं लोणचं नासंल."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनीचं हसू ऐकू आलं. पप्पाही हसले. मी थोड्या उशिरा हसले.

ताट गेल्यावर मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. पप्पा बराच वेळ भिंतींकडे बघत होते. खोलीला खिडकी नाही.

"इथं तू काय करायची गं दिवसभर?"

"वाचायचे."

"अन् बोलायला?"

"कुणी नसायचं."

"मी गोठ्यात जाता-येता बघायचो. दार लोटलेलं असायचं. वाटायचं, झोपली असंल."

मला उत्तर इंग्रजीत सुचलं. ते मी मनातच ठेवलं.

ऊन उतरल्यावर डॉक्टरांचा फोन आला. मी उठून गोठ्यापलीकडे गेले. रिपोर्ट उद्या मिळेल, पण फोटो त्यांनी बघितले होते. लिव्हरमध्ये उजेड होताच. पाठीच्या मणक्यातही होता. ऑपरेशनचा आता उपयोग नाही, असं ते म्हणाले. मी दोनदा थँक यू म्हटलं.

परत येऊन मी खुर्चीत बसले. पप्पा खाटेवर उठून बसले होते.

"सांग."

"लिव्हरच्या बाहेरही दिसलंय. मणक्यात. ऑपरेशन नाही करणार. गोळ्या देतील."

याहून मऊ करून सांगण्याइतकं मराठी मला तेव्हा सुचलं नाही. पप्पांनी मान हलवली.

"गोळ्यांनी जातंय का?"

"नाही. वाढायला वेळ लागतो फक्त."

"बरं." ते पायाच्या अंगठ्याने चप्पल जवळ ओढत होते. चप्पल सरळ झाली तरी ती त्यांनी घातली नाही. "घरात आत्ताच सांगू नको. तुझ्या वहिनीला दोन घास नीट खाऊ दे. सकाळी मी सांगतो."

आत्याने अंगणातून हाक मारली, "दादा, झाली की संध्याकाळ! चल आता माणसात."

"आलो," पप्पा म्हणाले, आणि बसून राहिले.

लांब राहण्याची मुदत संपली होती. खाटेवर त्यांच्या शेजारी बसायला मला कुणाची आडकाठी नव्हती. मी खुर्चीतच राहिले. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता, आणि आम्ही दोघंही उठलो नाही.